जे कधी बदललंच नव्हतं

‘अपग्रेड केलं आणि सगळ्या सेटिंग्ज उडाल्या’ ही लिनक्स वापरणाऱ्यांची जुनी तक्रार आहे. तक्रार खरी असते, निदान बहुतेक वेळा चुकतं. उडालेलं सहसा काहीच नसतं. फायली होत्या तिथेच असतात, त्यांच्यातलं एक अक्षरही हललेलं नसतं, आणि तरी लॉगिन केल्यावर समोर येतो तो दुसऱ्याच कुणाचा तरी संगणक वाटतो. डेबियन या लिनक्सच्या वितरणाच्या, म्हणजे तयार संचाच्या, १२ व्या आवृत्तीवरून १३ व्या आवृत्तीवर गेल्यावर माझ्याकडे हेच झालं. मग काय गेलं, काय राहिलं आणि का, हे शोधत बसले. कामं पडली होती, पण अनुवादाच्या कामांचं एक बरं असतं, ती कायमच पडलेली असतात.

डेबियन १२ म्हणजे ‘बुकवर्म’, जून २०२३ चं. १३ म्हणजे ‘ट्रिक्सी’, ९ ऑगस्ट २०२५ चं. मधल्या दोन वर्षांत डेबियनने मला कुठल्याच नव्या गोष्टीची तोशीस लागू दिली नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या येत राहिल्या. नोम हे माझं डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या आणि मेनू सांभाळणारी प्रणाली. ते मात्र दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढतं. त्यामुळे माझ्या लॅपटॉपवरचं नोम ४३ होतं ते एका रात्रीत ४८ झालं. फेडोरा या दुसऱ्या वितरणाचे लोक हाच प्रवास टप्प्याटप्प्याने करतात, दर टप्प्याला थोडं कुरकुरतात आणि सवय करून घेतात. डेबियनवाल्यांना सगळी कुरकुर एकदम करावी लागते.

लिनक्समधल्या फायलींचे, आपल्या कामापुरते, तीन मुलूख धरता येतील. /यूएसआर हा वितरणाचा मुलूख. तिथे पॅकेजची, म्हणजे वितरणाकडून येणाऱ्या प्रोग्रॅमच्या गठ्ठ्याची, सत्ता. अपग्रेडमध्ये तिथलं सगळं न विचारता बदललं जातं. /इटीसी सामाईक. तिथल्या एखाद्या फायलीत तुम्ही फेरफार केलेला असेल आणि नव्या पॅकेजमध्येही ती फाइल बदललेली असेल, तर पॅकेजं बसवणारं डीपीकेजी थांबून विचारतं, तुमची ठेवू की माझी घालू? नुसतं एंटर दाबलं तर तुमची राहते आणि नवी फाइल ‘डीपीकेजी-डिस्ट’ असं शेपूट लावून शेजारी ठेवली जाते. तिसरा मुलूख तुमचं घर, /होम. तिथे पॅकेजने हात घालायचा नाही हा दंडक कसोशीने पाळला जातो. प्रोग्रॅम काढून टाकला तरी त्याने तुमच्या घरात मांडलेला पसारा वर्षानुवर्षं तसाच राहतो.

माझ्याकडे खरोखर उडालेली एकच गोष्ट निघाली, आणि ती अपेक्षेप्रमाणे पहिल्या मुलखातली होती. मी इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या आराखड्यावर लिहिते. हा आराखडा १९८० च्या दशकात ठरला. ‘ॲ’ हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये आलं ते २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. मराठीत ते दर दुसऱ्या ओळीत लागतं. ॲप, ॲसिड, ॲल्युमिनियम, बँकेतलं ॲडव्हान्स. जुन्या आराखड्यात त्याला जागा नव्हती म्हणून एका मित्राने काही वर्षांपूर्वी कीबोर्डच्या मूळ फायलीतच, म्हणजे /यूएसआरच्या आत, एका कळीवर ते बसवून दिलं होतं. ‘पुढच्या अपग्रेडला जाईल हं हे,’ असं त्याने तेव्हाच बजावलं होतं. गेलं. आता तोच आराखडा माझ्या घरात, ‘डॉट कॉन्फिग’मधल्या ‘एक्सकेबी’ फोल्डरमध्ये आहे. वेलँड या पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या व्यवस्थेखाली कीबोर्ड सांभाळणारी लायब्ररी तिथलंही वाचते. सेटिंग्जच्या खिडकीतल्या यादीत असा घरगुती आराखडा दिसेलच याची खात्री नाही, पण त्याचं नाव डीकॉन्फ या नोमच्या सेटिंग्जच्या साठ्यात थेट लिहिलं की चालतो.

‘डॉट कॉन्फिग’मधल्या त्या टिंबाची गोष्ट मला फार आवडते. फायलीच्या नावाआधी टिंब असलं की ती दिसत नाही, हे लिनक्सवर आलेला माणूस पहिल्या आठवड्यात शिकतो आणि कुणीतरी विचारपूर्वक केलेली सोय म्हणून सोडून देतो. युनिक्सच्या जुन्या मंडळींपैकी रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये वेगळीच हकिगत सांगितली. सुरुवातीच्या युनिक्समध्ये प्रत्येक फोल्डरमध्ये ‘टिंब’ आणि ‘टिंब टिंब’ अशा दोन नोंदी आल्या, एक स्वतःकडे बोट दाखवणारी आणि दुसरी वरच्या फोल्डरकडे. यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ने त्या दोन लपवाव्यात म्हणून कुणीतरी सोपी तपासणी लिहिली, की नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर पुढे जा. दोन नावं पूर्ण तपासण्याचा कंटाळा. त्या कंटाळ्यापोटी टिंबाने सुरू होणारी प्रत्येकच फाइल अदृश्य झाली, आणि ही जागा सापडल्याबरोबर एकेका प्रोग्रॅमने आपापलं सामान तिथे आणून टाकायला सुरुवात केली. पाइक यांच्या मते हे चांगलं झालं नाही. माझ्या घरातला टिंबवाला पसारा पाहता मला त्यांचं पटतं. २००३ पासून एक्सडीजी या, सगळ्या डेस्कटॉपसाठीच्या सामाईक नियमांनी सेटिंग्ज ‘डॉट कॉन्फिग’मध्ये, माहिती ‘डॉट लोकल’मध्ये आणि तात्पुरतं सामान ‘डॉट कॅश’मध्ये अशी शिस्त लावायचा प्रयत्न केला. ती बऱ्यापैकी लागली, पण सगळे काही ऐकत नाहीत. फायरफॉक्सचं ‘डॉट मोझिला’ माझ्याकडे अजून दारातच बसून आहे.

असो. घरातलं सगळं शाबूत आहे हे एकदा पक्कं झाल्यावर प्रश्न उरला तो हा, की मग बदललं काय?

नोमच्या सेटिंग्ज डीकॉन्फ नावाच्या एका छोट्या डेटाबेसमध्ये असतात. त्याआधी जीकॉन्फ होतं, ते एक्सएमएलच्या फायलींमध्ये लिहायचं आणि संपादकात उघडून डोळ्यांनी वाचता यायचं. २०११ मध्ये नोम ३ आलं आणि डीकॉन्फ रुळलं. ही एकच बायनरी फाइल, ‘यूजर’ नावाची. थेट उघडली तर काही कळत नाही, पण ‘डीकॉन्फ डम्प’ म्हटलं की सगळ्या नोंदी साध्या मजकुरात बाहेर पडतात आणि ‘डीकॉन्फ लोड’ म्हटलं की परत आत जातात. अपग्रेडच्या आधी असा डम्प काढून ठेवायचा हा सल्ला सगळेच देतात, मीही काढला होता. अपग्रेडनंतर पुन्हा काढला आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. जवळजवळ सारखे! मराठी कीबोर्ड जागेवर, कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल जागेवर, मी जोडलेले शॉर्टकट जागेवर. मग पडदा परका का वाटत होता?

कारण डीकॉन्फमध्ये सेटिंग्ज नसतात, फरक असतात. एखाद्या गोष्टीची मूळ किंमत प्रोग्रॅमबरोबर आलेल्या स्कीमामध्ये असते, आणि स्कीमा असतो /यूएसआरमध्ये, म्हणजे पॅकेजच्या मुलखात. तुम्ही ती किंमत बदललीत तरच घरातल्या डेटाबेसमध्ये ओळ पडते. वाण्याच्या वहीसारखं आहे हे. उधारी तेवढी लिहिली जाते. रोखीने वर्षभर सामान नेणाऱ्याचं नाव तिथे कुठेच नसतं. जे मला आवडलं नाही आणि मी बदललं, त्याची नोंद माझ्याकडे पक्की होती. जे पहिल्या दिवसापासून आवडलं, म्हणून कधी हातच लावला नाही, ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते माझं आहे हे संगणकाला माहीतच नव्हतं. स्कीमा बदलला, ते गेलं.

माझ्या बाबतीत ते होतं अक्षर. नोम ३ च्या सुरुवातीपासून त्याचा ठरलेला टंक (फॉन्ट) कँटारेल होता. किंचित गोलसर, जरा हाताने काढल्यासारखा. काहींना तो अजिबात आवडायचा नाही. मार्च २०२५ मधल्या नोम ४८ ने त्याच्या जागी ॲडवैता सॅन्स आणला, जो इंटर या टंकावर बेतलेला आहे. इंटर उत्तम टंक आहे, पडद्यासाठीच घडवलेला, नीटनेटका. त्याची छोटी रोमन अक्षरंही उंच असतात. माझ्या खिडक्यांमध्ये दिवसभर दोन लिप्या शेजारी असतात, डावीकडे मूळ इंग्रजी, उजवीकडे मराठी, आणि फायलींची नावं तर दोन्हींची भेळ. माझी देवनागरी ‘मुक्ता’मध्ये आहे, कारण ती मी स्वतः ‘फॉन्टकॉन्फिग’ या टंक निवडणाऱ्या व्यवस्थेच्या फायलीत लिहून ठेवली आहे. ती तसूभर हलली नाही. तिच्या शेजारची रोमन तेवढी बदलली, आणि एवढ्याने दोघींचं जमेना. इंग्रजी नावं मोठ्याने बोलल्यासारखी दिसू लागली, मराठी नावं त्यांच्यापुढे दबलेली.

भाची आली होती तेव्हा तिला दाखवलं. तिने वाकून पाहिलं, मागे सरून पाहिलं.

‘मावशी, आहे तसंच तर आहे सगळं.’

‘नीट बघ ना. अक्षरं बघ.’

‘अक्षरंच आहेत,’ ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

तिची चूक नाही. दुसऱ्याच्या डेस्कटॉपमध्ये बदल दिसत नाही. दिसतो तो आपल्याच, आणि तोही आधी कुठेतरी खटकल्यासारखा. मला टंक बदललाय हे कळायलाही वेळच लागला. आधी वाटलं चष्म्याचा नंबर वाढला.

देवनागरीचं आणखी एक सांगायला हवं, कारण इंटरफेस इंग्रजीत ठेवून मराठीत काम करणाऱ्या पुष्कळांना ते छळतं. नोममध्ये मजकूर मांडायचं काम पँगो करतं. मजकूर कुठल्या भाषेतला आहे हे कुणी सांगितलेलं नसेल तर ते लिपीवरून अंदाज बांधतं, आणि देवनागरीवरून त्याचा अंदाज हिंदी असा असतो. मग चांगल्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ असूनही पडद्यावर हिंदी वळणाचे येतात. शासनाने २००९ मध्ये प्रमाण वर्णमाला ठरवताना मराठी वळणाचे आग्रहाने नोंदवले, आणि इथे यंत्र परस्पर निकाल लावतं. यावर उपाय म्हणजे ‘पँगो लँग्वेज’ या चलात (व्हेरिएबलमध्ये) इंग्रजीनंतर मराठीचं नाव घालणं. ती ओळ माझ्या ‘एन्व्हायर्नमेंट डॉट डी’ फोल्डरमध्ये आहे. अपग्रेडनंतर धास्तावून आधी तेच पाहिलं. ल आणि श दोघेही सुखरूप होते. जे मी भांडून मिळवलं होतं ते सगळंच सुखरूप होतं, हे एव्हाना माझ्या लक्षात यायला लागलं होतं.

केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपची तऱ्हाही याहून वेगळी नाही. तिथेही फायलींमध्ये मुख्यतः फरकच लिहिले जातात. त्याच्या फेब्रुवारी २०२४ मधल्या प्लाझ्मा ६ या आवृत्तीत फोल्डर उघडायला एका क्लिकऐवजी दोन क्लिक हा मूळ रिवाज झाला. ज्यांना एकाच क्लिकची सवय होती, पण त्यांनी ती सेटिंगमधून कधी निवडलेली नव्हती, आणि जिथे वितरणानेही स्वतःचं काही ठरवून दिलेलं नव्हतं, त्यांची बोटं एका सकाळी खोटी ठरली.

एक्स्टेन्शनांबद्दल, म्हणजे नोमला जोडायच्या छोट्या पुरवण्यांबद्दल, फार लिहीत नाही, त्यांचं रडगाणं सगळ्यांना पाठ आहे. नोम ४५ ने मॉड्यूल लोड करायची पद्धत बदलली, त्यामुळे जुनं प्रत्येक एक्स्टेन्शन नव्याने लिहावं लागलं. ज्यांच्या लेखकांनी लिहिलं ती चालली, बाकीची बंद पडली. माझी दोन बंद पडली. एकाची उणीव भासते, दुसरं काय करायचं तेच आठवेना. पण गंमत अशी, की दोघांच्या सेटिंग्ज डीकॉन्फमध्ये अजून आहेत. तिथला केर कुणी काढत नाही. प्रोग्रॅम गेला, स्कीमा गेला, तरी ओळ राहते. माझ्या डम्पमध्ये एम्पथी नावाच्या चॅट प्रोग्रॅमच्या खिडकीची लांबीरुंदी निघाली. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांतल्या फायली बदलून देणाऱ्या स्क्रिप्टचा शॉर्टकट निघाला. तो मात्र जुनापुराणा म्हणता येत नाही. तशा फायली काही प्रकाशक आजही पाठवतात आणि वर ‘उघडत नाहीये का? आमच्याकडे तर उघडते’ असं विचारतात. शॉर्टकटवरून आठवलं. नोममध्ये स्वतःचा शॉर्टकट दोन जागी लिहिलेला असतो, एकदा त्याचा तपशील आणि एकदा ‘हे हे शॉर्टकट आहेत’ अशी यादी. डम्पमधून फक्त तपशिलाचा तुकडा उचलून परत घातला आणि यादी राहिली, तर कळ दाबत बसा, काही होत नाही.

हा सगळा ‘कॉन्फिग’ फोल्डर उचलून नव्या यंत्रात जसाच्या तसा ओतायचा, असंही काही जण करतात. मला ते पसंत नाही. त्याबरोबर एम्पथीची खिडकीही येते. काही बिघडलंय असं वाटलं तर आधी एक नवा, कोरा वापरकर्ता तयार करावा आणि त्याच्या नावाने लॉगिन करून बघावं. तिथे सगळं ठीक असेल तर दोष आपल्या घरातल्या कुठल्यातरी फायलीत आहे, तिथेही तसंच असेल तर वरच्या मजल्यावर, म्हणजे /यूएसआर किंवा /इटीसीमध्ये. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

कधीकधी मात्र सेटिंग परत आणून भागत नाही, कारण ती वाचणारा प्रोग्रॅमच उरलेला नसतो. नोम २ वरून ३ वर जाताना २०११ मध्ये तेच झालं होतं. खालची पट्टी गेली, मेनू गेला, डेस्कटॉपवरची चिन्हं गेली. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्सही वैतागून काही काळ एक्सएफसीई या दुसऱ्या डेस्कटॉपकडे गेले. त्या वेळी अर्जेंटिनातल्या, आर्च हे वितरण वापरणाऱ्या एकाने नोम २ चाच कोड उचलला आणि मेट या नावाने चालू ठेवला. नव्या नोमशी नावांची टक्कर होऊ नये म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमचं बारसं पुन्हा करावं लागलं. नॉटिलसचं काहा झालं, जीएडिटचं प्लुमा, एव्हिन्सचं आत्रिल. केडीईतही जानेवारी २००८ मध्ये ४.० आल्यावर ३.५ सोडवेना अशा लोकांनी ट्रिनिटी काढलं, २०१० मध्ये. दोन्ही आज चालू आहेत. मूठभर माणसं दीड दशक फुकट राबतात, हजारो फायली नव्या लायब्रऱ्यांवर आणत राहतात, कशासाठी? तर मेनू जिथे होता तिथेच असावा. मी मेट वापरत नाही, पण त्या मंडळींकडे हेकट म्हणून पाहणं मला जमत नाही. त्यांनी आपले न लिहिलेले फरक लिहून काढले. फक्त ते लिहायला त्यांना अख्खा डेस्कटॉप लागला.

माझं काम त्यामानाने सोपं होतं. ‘जीसेटिंग्ज’ या आज्ञेला ‘लिस्ट-रिकर्सिव्हली’ जोडलं की ती प्रत्येक सेटिंगची चालू किंमत छापते, तुम्ही बदललेली असो वा नसो. डम्प फक्त फरक सांगतो. ही यादी सगळं सांगते. अपग्रेडच्या आधी ती काढायला हवी, असं कुठल्याच सल्ल्यात मला भेटलं नव्हतं. पण डेबियन १२ चं नोमवालं लाइव्ह पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये होतं. त्याच्यावर लॅपटॉप सुरू केला, कोऱ्या बुकवर्मची यादी काढली, कोऱ्या ट्रिक्सीचीही काढली आणि दोन्हींचा ‘डिफ’, म्हणजे फक्त वेगळ्या ओळींची यादी, घेतला. दोन वर्षांत माझ्या नकळत बदललेलं सगळं समोर आलं. बरंचसं माझ्या उपयोगाचं नव्हतं. काही ओळी वाचून ‘बरं झालं’ म्हटलं. टंकाच्या ओळीवर थांबले.

कँटारेल डेबियनमध्ये वेगळं पॅकेज म्हणून मिळतो. तो पुन्हा घेतला आणि या खेपेला सेटिंग म्हणून लिहिला. आता डीकॉन्फमध्ये त्याची ओळ आहे. मग त्याच नादात आणखी काही ओळी लिहिल्या, ज्यांची किंमत आजच्या मूळ किमतीइतकीच आहे. घड्याळ चोवीस तासांचं, टचपॅडची सरकण्याची दिशा, अक्षरांचा आकार. डीकॉन्फ अशी ओळही निमूटपणे ठेवून घेतं. उद्या स्कीमा बदलला तरी माझी किंमत टिकेल. मूळ गोष्ट जशी आहे तशी हवी आहे म्हणून तिची सेटिंग करायची, हे हास्यास्पद वाटतं खरं. पण अनेक गोष्टींना तेवढीही सोय नाही. नोम ४५ पासून वरच्या डाव्या कोपऱ्यातला ‘ॲक्टिव्हिटीज’ हा शब्द जाऊन तिथे ठिपके आले आहेत. तो शब्द परत आणायला सेटिंग नाही. एक्स्टेन्शन आहे, म्हणजे पुढच्या उडीला पुन्हा तेच. शब्द सोडून दिला. कोपऱ्यात माऊस नेला की जे व्हायचं ते अजून होतं, आणि माझा हात तिथे शब्द वाचून कधी जातच नव्हता.

भाचीच्या लॅपटॉपवर अजून बुकवर्मच आहे. पुढच्या शनिवारी तिचं अपग्रेड करायचं ठरलंय. डेटाचा बॅकअप तिने घेतला आहे. परवा फोनवर मी म्हटलं, आधी जीसेटिंग्जची पूर्ण यादी काढून ठेव, आज्ञा पाठवते.

‘कशाला मावशी? मी तर आल्यापासून काहीच बदललेलं नाहीये.’

आज्ञा पाठवून दिली आहे.